अमेरिकन फुटबॉलमधील एक पेंच

अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ ओळखला जातो, त्याचा आपल्याकडील फुटबॉलशीं नांवापलीकडे फारच थोडा संबंध आहे. तो मुख्यतः हातानें खेळला जातो. चेंडू गोल नसून दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि दोन्ही संघांचे अकरा अकरा गडी डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर गाद्या चढवून एकमेकांस भिडतात. चढाई करणाऱ्या पक्षाला चार प्रयत्नांत चेंडू निदान दहा यार्ड पुढें न्यावा लागतो. तेवढें साधलें, कीं पुन्हां चार प्रयत्न मिळतात. न साधलें, तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. शंभर यार्डांचें मैदान अशा रीतीनें तुकड्यातुकड्यानें जिंकावयाचें असतें.

या चढाईचें सूत्र एकाच गड्याच्या हातीं असतें. त्यास क्वार्टरबॅक म्हणतात. प्रत्येक चालीच्या आरंभीं चेंडू त्याच्या हातांत येतो, आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत तो दूर फेंकावा, धांवणाऱ्या गड्याच्या हवालीं करावा, कीं स्वतःच घेऊन पळावें, हें त्याला ठरवावें लागतें. तो हें ठरवीत असतां अडीचशें-तीनशें पौंड वजनाचे धिप्पाड पुरुष त्याला जमिनीवर लोळविण्यासाठीं चाल करून येत असतात. संघाच्या शेंकडों चाली त्याला मुखोद्गत असाव्या लागतात, आणि समोरची बचावाची फळी पाहतांच तिचा बेत ओळखावा लागतो. इतर जागांवर दोघे-तिघे आळीपाळीनें खेळूं शकतात. क्वार्टरबॅक मात्र एकच खेळतो, आणि दुसरा बांकावर बसून त्याच्याकडे पाहत राहतो.

म्हणून जुन्या, कसलेल्या क्वार्टरबॅकच्या शेजारीं एखादा नवखा तरुण चमकूं लागला, म्हणजे प्रशिक्षकापुढें मोठा पेंच उभा राहतो. त्यांतून तो जुना गडी जखमी होऊन घरीं बसला असतांना नवख्यानें सामने जिंकले, तर तो पेंच अधिकच अवघड होतो. कारण या खेळांत एक अलिखित नियम फार दिवस मानला जात आला आहे: दुखापतीमुळें कोणाची जागा जाऊं नये. कचेरींतला एखादा गृहस्थ आजारपणाच्या रजेवर गेला, आणि बरा होऊन परत येतो तों आपल्या खुर्चीवर आपलाच उमेदवार कायम झालेला पाहतो. त्याला काय वाटेल? अन्याय झाला असेंच तो म्हणेल, आणि बाहेरचेही पुष्कळ लोक त्याला दुजोरा देतील. परंतु त्या उमेदवारानें काम अधिक चांगलें चालविलें असेल, तर कचेरीच्या चालकानें काय करावें?

टेक्सस संस्थानांतील डॅलस शहराच्या ‘काऊबॉइज’ या संघावर असा प्रसंग १९७१ सालीं आला. संघाचे प्रशिक्षक टॉम लँड्री हे मितभाषी, शिस्तीचे व अत्यंत हिशेबी गृहस्थ. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं बॉम्बफेकी विमानावर वैमानिकाचें काम केलें होतें, आणि सामन्याच्या वेळीं डोक्यावर हॅट घालून मैदानाच्या कडेला निश्चल उभी असलेली त्यांची मूर्ति अमेरिकेंत घरोघर ओळखीची होती. त्यांच्यापाशीं दोन क्वार्टरबॅक होते. क्रेग मॉर्टन हा १९६५ पासून संघांत होता, आणि १९७१ च्या जानेवारींत त्यानें संघाला सुपर बोल नांवाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलें होतें. तो सामना मात्र बाल्टिमोरनें १६-१३ असा जिंकला. दुसरा रॉजर स्टॉबॅक. हा नौदलाच्या विद्यालयाचा पदवीधर. महाविद्यालयीन खेळाडूंना मिळणारें सर्वांत मोठें पारितोषिक त्यानें १९६३ सालींच मिळविलें होतें. परंतु नंतरचीं वर्षें नौदलाच्या नोकरींत गेलीं, त्यांतला कांहीं काळ व्हिएतनाममध्यें. १९६९ सालीं तो धंदेवाईक खेळांत आला तेव्हां त्याचें वय २७ वर्षांचें होतें. गंमत अशी, कीं दोघांचाही जन्मदिवस ५ फेब्रुवारी, आणि ‘नवखा’ स्टॉबॅक हा ‘जुन्या’ मॉर्टनहून बरोबर एक वर्षानें मोठा होता. या प्रश्नांत जुनेपण जन्मपत्रिकेवरून ठरत नाहीं, मैदानावरील दिवसांवरून ठरतें.

लँड्री यांना मॉर्टनची चाकोरींत राहण्याची वृत्ति पसंत होती. स्टॉबॅक आंखून दिलेली चाल मोडली कीं स्वतःच चेंडू घेऊन पळत सुटे, आणि तें या हिशेबी गृहस्थांस रुचत नसे. दोघांपैकीं एकाची निवड करणें त्यांच्या जिवावर आलें. त्यांनीं दोघांनाही आळीपाळीनें खेळविण्यास आरंभ केला. आणि ३१ ऑक्टोबर १९७१ रोजीं शिकागो येथें तर या पद्धतीनें कळसच गांठला. एका चालीला मॉर्टन आंत आणि स्टॉबॅक बाहेर, पुढच्या चालीला स्टॉबॅक आंत आणि मॉर्टन बाहेर, असा खेळ त्यांनीं चालविला. निकाल व्हावयाचा तोच झाला. डॅलसचा संघ २३-१९ असा हरला. एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, हें सांगावयास फुटबॉलचा प्रशिक्षक असावें लागत नाहीं. पण शहाण्या माणसांनाही तें कधीं कधीं स्वतः करून पाहावें लागतें. संघानें तोंपर्यंत सात सामन्यांपैकीं चार जिंकले होते व तीन गमावले होते. त्यानंतर लँड्री यांनीं स्टॉबॅकला निवडलें आणि पुन्हां मागें पाहिलें नाहीं. हंगामाचे उरलेले सातही सामने डॅलसनें जिंकले, आणि १६ जानेवारी १९७२ रोजीं न्यू ऑर्लीन्स येथें मायामीचा २४-३ असा पराभव करून सुपर बोल मिळविला.

मॉर्टनची कथा मात्र तेथें संपली नाहीं. १९७२ च्या हंगामापूर्वीं स्टॉबॅकचा खांदा निखळला आणि जवळजवळ सारा हंगाम मॉर्टननेंच संघ चालविला. असें असूनही डिसेंबरांतील बाद फेरीच्या सामन्यांत सॅन फ्रॅन्सिस्कोचा संघ पुढें गेला, तेव्हां लँड्री यांनीं मॉर्टनला बाहेर काढून स्टॉबॅकला आंत पाठविलें, आणि त्यानें हातचा गेलेला सामना ३०-२८ असा ओढून आणला. अखेर १९७४ सालीं मॉर्टन न्यू यॉर्कला गेला, तेथून डेन्व्हरला. या डेन्व्हरच्या संघाला त्यानें १९७८ च्या जानेवारींत सुपर बोलपर्यंत नेलें. आणि समोर प्रतिस्पर्धी म्हणून उभा कोण, तर डॅलसचा संघ व रॉजर स्टॉबॅक! डॅलसनें तो सामना २७-१० असा जिंकला.

या पेंचाचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण तीस वर्षांनंतरचें, न्यू इंग्लंडच्या ‘पेट्रिअट्स’ संघांतलें आहे. अमेरिकेंत दर वर्षीं महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची धंदेवाईक संघ पाळीपाळीनें निवड करतात. १९३६ पासून चालत आलेली ही पद्धति आहे, आणि आदल्या वर्षीं तळाला राहिलेल्या संघास सामान्यतः पहिला मान मिळतो. १९९३ सालीं न्यू इंग्लंडनें या पहिल्या मानानें ड्र्यू ब्लेडसो यास घेतलें. उंचापुरा, दांडग्या हाताचा हा तरुण. त्यानें रसातळाला गेलेला संघ वर काढला आणि १९९७ च्या जानेवारींत सुपर बोलपर्यंत नेला. मार्च २००१ मध्यें संघाच्या मालकानें त्याच्याशीं दहा वर्षांचा, दहा कोटि तीस लक्ष डॉलरांचा करार केला. दहा वर्षें त्याची जागा पक्की झाली, असें सर्वांस वाटलें.

ती सहा महिने टिकली. २३ सप्टेंबर २००१ रोजीं न्यू यॉर्कच्या ‘जेट्स’ संघाशीं खेळतांना ब्लेडसो मैदानाच्या कडेकडे पळत होता, तेव्हां मो लुईस नांवाच्या गड्यानें त्याला अशी जबर धडक दिली, कीं छातींतील एक रक्तवाहिनी तुटून आंत रक्तस्राव सुरू झाला. जिवावरचें दुखणें होतें. त्याच्या जागीं आला टॉम ब्रॅडी. आदल्या वर्षींच्या निवडींत हा १९९ व्या क्रमांकावर घेतला गेला होता; म्हणजे त्याच्याआधीं १९८ तरुण कोणाना कोणाला अधिक बरे वाटले होते. त्याच्या निवडीचा आग्रह धरणारे क्वार्टरबॅकांचे शिक्षक डिक रेबिन हे त्याच ऑगस्टमध्यें वारले होते. आपल्या शिष्याचा खेळ त्यांना पाहावयास मिळाला नाहीं.

ब्रॅडीनें चमत्कार केला असें त्या वेळीं कोणी म्हणत नव्हतें. तो कांहीं सामने जिंकला, कांहीं हरला. पण चेंडू शत्रूच्या हातीं जाणार नाहीं, घाई होणार नाहीं, आणि चूक झालीच तर दुसरी चूक तिच्या पाठोपाठ येणार नाहीं, अशी त्याची चाल होती. नोव्हेंबरांत ब्लेडसो बरा होऊन परत आला. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनीं जागा ब्रॅडीकडेच ठेवली. या निर्णयाचें धाडस समजण्यास बेलिचिक यांचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. १९९३ सालीं क्लीव्हलंड येथें प्रशिक्षक असतांना त्यांनीं शहराचा लाडका क्वार्टरबॅक बर्नी कोझार यास ऐन हंगामांत काढून टाकलें होतें. त्या वर्षाचा उरलेला हंगाम संघाला वाईट गेला, आणि शहरानें त्यांना तें कधीं विसरूं दिलें नाहीं. एकदां भाजलेला मनुष्य पुन्हां तोच विस्तव हातांत घेण्यास सहसा धजत नाहीं. बेलिचिक धजले. ब्लेडसोला परत न घेतल्यावर संघ लगेच सेंट लुईसच्या ‘रॅम्स’कडून २४-१७ असा हरला, आणि पांच विजय व पांच पराभव अशा बेतास बात स्थितींत येऊन ठेपला. त्या आठवड्यांत त्यांच्यावर किती टीका झाली असेल याची कल्पना करावी. परंतु तो त्या हंगामांतला शेवटचा पराभव ठरला.

खरी परीक्षा पुढेंच होती. २७ जानेवारी २००२ रोजीं पिट्सबर्गला उपान्त्य सामना चालू असतां ब्रॅडीचा घोटा दुखावला, आणि ब्लेडसो मैदानांत उतरला. चार महिन्यांत तो खेळला नव्हता. उतरल्यावर थोड्याच वेळांत मैदानाच्या कडेला त्याला पूर्वींसारखीच धडक बसली. तो उठला, आणि त्याच चढाईंत त्यानें ११ यार्डांवरून चेंडू फेंकून टचडाऊन मिळवून दिला. सामना २४-१७ असा जिंकला गेला. अंतिम सामन्यास मध्यें अवघा एक आठवडा होता. एकीकडे दुखऱ्या घोट्याचा, पुरा अनुभव नसलेला तरुण. दुसरीकडे नुकतीच संघाची अब्रू राखणारा जुना सरदार. आतां तरी न्याय ब्लेडसोच्या बाजूनें व्हावा असें पुष्कळांस वाटलें, आणि तें वाटणें वावगें नव्हतें. बेलिचिक यांनीं पुन्हां ब्रॅडीच निवडला. ३ फेब्रुवारीस न्यू ऑर्लीन्स येथें १७-१७ अशी बरोबरी असतां व जेमतेम दीड मिनिट उरलें असतां ब्रॅडीनें सावकाशपणें, एकेक छोटी फेंक करीत संघाला पुढें नेलें, आणि शेवटच्या क्षणीं ॲडम व्हिनाटिएरीनें ४८ यार्डांवरून ठोकरलेला चेंडू खांबांमधून पार झाला. न्यू इंग्लंड २०, सेंट लुईस १७.

ब्लेडसोनें या सर्व काळांत संघांत दुही माजविली नाहीं. तो नाराज होता, पण बंडखोर नव्हता. आणि बेलिचिक यांच्या धाडसाचें कौतुक करतांना या गोष्टीचें मोल लोक विसरतात. दहा कोटींच्या करारावर बसलेल्या माणसानें संघांत आपला गट उभा केला असता, तर तो विजय मिळाला असता काय? एप्रिलमध्यें त्याला बफेलोच्या संघाकडे देण्यांत आलें.

त्याच्या दैवांत हाच प्रसंग पुन्हां लिहिलेला होता. २००५ सालीं तो डॅलसला आला. तेथें त्याचे पहिले गुरु बिल पार्सेल्स हे प्रशिक्षक होते. २३ ऑक्टोबर २००६ रोजीं, न्यू यॉर्कच्या ‘जायंट्स’ संघाविरुद्ध, मध्यांतराच्या किंचित् आधीं ब्लेडसोनें गोलरेषेच्या जवळून चेंडू प्रतिपक्षाच्या हातांत फेंकला. मध्यांतरानंतर पार्सेल्स यांनीं टोनी रोमो यास पाठविलें. रोमो निवडींत कोणीच घेतला नव्हता. तो १९९ वा नव्हे, कुठलाच नव्हता. त्याची पहिलीच फेंक शत्रूनें पकडली, त्या संध्याकाळीं आणखी दोन पकडल्या, आणि डॅलस ३६-२२ असा हरला. तरीही पुढच्या आठवड्यांत खेळला तो रोमोच, आणि तो सामना संघानें ३५-१४ असा जिंकला. ब्लेडसो पुढच्या वसंतांत निवृत्त झाला.

येथें कोणी म्हणेल, कीं मग नेहमीं नव्याचीच निवड करावी. तसें करणारेही फसले आहेत. कर्ट वॉर्नर याचें उदाहरण या बाबतींत मोठें विलक्षण आहे, कारण तो या पेंचाच्या दोन्ही बाजूंस बसून आलेला मनुष्य आहे. पूर्वीं दुकानांत रात्रपाळीस माल रचण्याचें काम केलेला हा गडी १९९९ सालीं, दुसऱ्याच्या गुडघ्यास दुखापत झाल्यामुळें, सेंट लुईस संघाचा क्वार्टरबॅक झाला आणि त्याच हंगामांत सुपर बोल जिंकला. २००२ मध्यें ब्रॅडीकडून हरला तो हाच. २००४ सालीं तो न्यू यॉर्कच्या ‘जायंट्स’कडे आला. तेथें नऊ सामन्यांपैकीं पांच जिंकले असतां प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनीं त्याला बसवून पहिल्या मानानें निवडला गेलेला नवखा ईलाय मॅनिंग खेळविला. मॅनिंग लागोपाठ सहा सामने हरला. हंगाम वाया गेला. परंतु पुढें त्याच मॅनिंगनें २००८ व २०१२ मध्यें न्यू यॉर्कला सुपर बोल मिळवून दिले, आणि दोन्ही वेळां पराभूत क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडी होता. वॉर्नर ॲरिझोनाला गेला. तेथेंही मॅट लायनार्ट नांवाचा एक गाजलेला तरुण त्याच्या पुढें उभा करण्यांत आला होता. २००८ सालीं ॲरिझोनाच्या प्रशिक्षकांनीं उलट निवड केली. ३७ वर्षांच्या वॉर्नरला त्यांनीं पसंत केलें, आणि त्यानें त्या संघास त्याच्या इतिहासांतील पहिला सुपर बोल खेळावयास नेलें. न्यू यॉर्कनें भविष्यासाठीं वर्तमान खर्ची घातलें, ॲरिझोनानें वर्तमानासाठीं भविष्य. दोघांचाही हिशेब जमला, म्हणून कोणता बरोबर हें सांगतां येत नाहीं.

पैशाचाही यांत मोठा भाग आहे, तो सांगितलाच पाहिजे. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे, आणि २०११ पासून नवख्या खेळाडूंचें वेतन त्यांच्या निवडीच्या क्रमांकावरून जवळजवळ ठरून गेलेलें असतें. त्यामुळें नवखा क्वार्टरबॅक चांगला निघाला, तर उरलेल्या पैशांत संघाला इतर चांगले गडी घेतां येतात. खेळाचा निर्णय म्हणून जो जाहीर केला जातो, त्याच्या पाठीमागें पुष्कळदां जमाखर्चाची वही असते.

आतां पुन्हां डॅलस. ज्या टोनी रोमोनें ब्लेडसोची जागा घेतली, तो दहा वर्षें तेथला क्वार्टरबॅक राहिला. त्याचें मोल २०१५ सालीं दिसलें: गळपट्टीचें हाड मोडल्यामुळें तो चारच सामन्यांस उभा राहिला, त्यांतले तीन संघानें जिंकले, आणि उरलेल्या बारांपैकीं अकरा गमावले. २०१६ च्या ऑगस्टमध्यें, हंगामापूर्वींच्या सरावाच्या सामन्यांत, त्याच्या पाठीचा मणका दबून मोडला. दुसरा गडी आधींच पाय मोडून बसला होता. राहिला तो महाविद्यालयांतून नुकताच आलेला, निवडींत १३५ व्या क्रमांकाचा डॅक प्रेस्कॉट. पहिला सामना तो २०-१९ असा एका गुणानें हरला, आणि त्यानंतर लागोपाठ अकरा जिंकला. कारकीर्दीच्या आरंभापासून १७६ फेंकांपर्यंत त्याचा एकही चेंडू शत्रूच्या हातीं गेला नाहीं. याआधींचा असा विक्रम १६२ फेंकांचा होता, आणि तो टॉम ब्रॅडीचा होता.

नोव्हेंबरांत रोमो बरा झाला. अलिखित नियमाप्रमाणें जागा त्याची होती. प्रशिक्षक जेसन गॅरेट हे स्वतः पूर्वीं डॅलसचेच बदली क्वार्टरबॅक होते, त्यामुळें बांकावर बसण्याचें दुःख त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण संघ नऊपैकीं आठ सामने जिंकलेला. चालतें गाडें थांबवून बैल बदलावयाचा कोणी? १५ नोव्हेंबर रोजीं रोमो वृत्तपत्रकारांपुढें आला, आणि त्यानें लिहून आणलेलें एक निवेदन वाचून दाखविलें. प्रेस्कॉटनें ही जागा आपल्या कर्तृत्वानें मिळविली आहे, असें त्यानें त्यांत कबूल केलें. आपल्या मनांतली खेळण्याची इच्छा मात्र विझलेली नाहीं, हेंही लपविलें नाहीं. गॅरेट यांना जो निर्णय घ्यावयाचा होता, त्याचें निम्में ओझें त्या दिवशीं रोमोनें स्वतःच्या खांद्यावर घेतलें. १ जानेवारी २०१७ रोजीं, साखळींतील शेवटच्या सामन्यांत, त्याला फिलाडेल्फिया येथें एका चढाईपुरतें मैदानांत जाऊं दिलें गेलें. त्यानें ती चढाई टचडाऊनपर्यंत नेली. त्यानंतर तो पुन्हां खेळला नाहीं.

डॅलसनें त्या वर्षीं सोळांपैकीं तेरा सामने जिंकले, आणि बाद फेरींत ग्रीन बेकडून ३४-३१ असा शेवटच्या क्षणीं हार खाल्ली. रोमो असता तर निकाल बदलला असता, असें म्हणणारे डॅलसमध्यें पुष्कळ निघाले. प्रेस्कॉटनें त्या सामन्यांत १८ गुणांची पिछाडी भरून काढून बरोबरी साधली होती, हें ते सांगत नसत.

पुढें प्रेस्कॉट स्वतःच जुना झाला. ११ सप्टेंबर २०२२ रोजीं टॅम्पा बेच्या संघाशीं खेळतांना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मोडला. त्या संघाचा क्वार्टरबॅक होता ४५ वर्षांचा टॉम ब्रॅडी. प्रेस्कॉटच्या जागीं कूपर रश हा बदली गडी आला, आणि लागोपाठ चार सामने जिंकला. वृत्तपत्रांत तोच जुना प्रश्न पुन्हां झळकला; संघाचे मालक जेरी जोन्स यांनींही त्याला खतपाणी घातलें. पांचवा सामना रश फिलाडेल्फियाकडून हरला. २३ ऑक्टोबरला, म्हणजे ब्लेडसोला बसविल्याला बरोबर सोळा वर्षें झालीं त्या दिवशीं, प्रेस्कॉट डेट्रॉइटविरुद्ध पुन्हां मैदानांत उतरला. डॅलसनें तो सामना २४-६ असा जिंकला, आणि रश आपल्या बांकावर परत जाऊन बसला.